पिवळा डाग कागदावर आला हो!

अहो, ऐकलंत का? पांढरे कॅनव्हासचे बूट धुतले की वाळताना जे पिवळे पट्टे उमटतात ना, ते न निघालेल्या चिखलाचे नसतात! नसतातच! बहुतेक वेळा ते आत राहिलेल्या साबणाचे असतात! हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. ज्याच्या पायात कॅनव्हास दिसेल त्याला थांबवून सांगतेय. आता तुम्ही सापडलात!

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, बुटांच्या धंद्यातलीही नाही. पण हे समजायला तसलं काही लागतच नाही! बघा हं. कॅनव्हास म्हणजे जाड, घट्ट विणलेलं सुती कापड. धुताना त्यात पाणी शिरतं, पाण्याबरोबर साबण आणि विरघळलेला मळ शिरतो, आणि मग आपण बूट वाळत ठेवतो, आणि मग वरचं पाणी उडून जातं, आणि मग आतलं पाणी वर सरकतं, आणि मग तेही उडतं, पण त्याच्यासोबत आलेला साबण काही उडत नाही! तो तिथेच बसतो! म्हणून तर पट्टे नेमके शिवणीवर आणि रबराच्या कडेला! तिथे कापड दुहेरी, पाणी सगळ्यात शेवटी सुकतं!

आता खरी गंमत. पाणी बाहेर पडणारच आहे ना? मग त्याला बुटावर कशाला उडू द्यायचं? ओल्या बुटावर साधा पांढरा टॉयलेट पेपर लपेटायचा! बस, एवढंच! कागद भिजून कापडाला चिकटतो, आणि मग पाणी कापडातून कागदात येतं, आणि मग कागदावरून उडतं, आणि पिवळेपणा कागदावरच राहतो! वाळलेला कागद मी सोलला आणि त्यावर पिवळी किनार! बूट पांढरा! कागद पिवळा! मी तो उजेडात धरून बघतच राहिले!

आणि हे तर ऐकाच. जुन्या दगडी मूर्तींत आणि भिंतींत मुरलेला क्षार काढायला जतनतज्ज्ञसुद्धा हीच युक्ती वापरतात! कागदाच्या ओल्या लगद्याचा लेप थापतात, तो वाळू लागला की क्षार दगडातून लेपात येतो! मूर्तीला जे चालतं ते आपल्या बुटाला!

चला, उठा, तुमचे बूट काढा. चिखल ओला आहे? हात लावू नका! कोकणातली लाल माती असो की देशावरची काळी, ओली घासली की तिचे बारीक कण धाग्यांत आणखी खोल जातात. पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या ब्रशनं झटका. निम्मं काम तिथेच होतं! नाड्या काढून वेगळ्या भिजवा. आतला तळ निघत असेल तर काढा. रंगीत बूट असेल तर आधी आतल्या कोपऱ्यात थोडं घासून बघा, रंग जातो का ते कळेल.

पाणी कोमट, डिटर्जंट अगदी थोडा! जितका जास्त घालाल तितका नंतर काढावा लागणार! जुन्या टूथब्रशनं शिवणी घासा. ब्लीच नको, त्यानं सुती धागा कमजोर होतो. आणि मग खळबळा, आणि मग पुन्हा खळबळा, फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळा! शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर. डिटर्जंट बहुधा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. उरलंसुरलं तिथे मिटतं!

रबराची कड काळी पडलीय? पांढरी टूथपेस्ट लावून घासा. कोरडे काळे ओरखडे तर खोडरबरानं निघतात! खोडरबरानं! नाडीच्या भोकाची कडी लोखंडी असली की तिच्याभोवती गंजाचं वर्तुळ पडतं, त्याला लिंबाचा रस लावून बघा!

मग बूट जाड टॉवेलात दाबून पाणी टिपा. पिळू नका, आकार जातो. आत कोरा कागद कोंबा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. वरून टॉयलेट पेपर लपेटा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक ऊन का नको? रबर! चार्ल्स गुडइयरनं १८४४ साली गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याआधी रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं! आता ते तितकं नाजूक राहिलेलं नाही, पण ऊन त्याला अजूनही म्हातारं करतं, आणि चिकटवलेला सोल सुटतो तोही उष्णतेनंच.

आणि शाळेतली पोरं पिवळ्या डागांवर पांढरं पॉलिश नाहीतर खडू फासतात ना, त्यांना हे सांगाच! खडू डाग झाकतो, आणि पहिल्याच सरीत वाहून जातो! कागद डाग बाहेर काढतो! घरातल्या सगळ्या पीटीच्या बुटांना आज कागद लपेटा. सोलायच्या वेळी मात्र मला हाक मारा, मी आलेच!