उंबरठ्यावरचे पहारेकरी

माझी पुतणी शालू लंडनला असते. गेल्या श्रावणांत ती पंधरा दिवसांसाठीं आमच्याकडे आली होती. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें पिशवींतून एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला आणि म्हणाली, "काका, हें वाचा, आणि मीं काय करावें तें सांगा." मुलांनीं आजवर मला पुष्कळ कागद दाखविले, परीक्षांचे निकाल, नोकरीचीं बोलावणीं, क्वचित् एखादी पत्रिकाही. रक्ततपासणीचा कागद पुढें करून सल्ला विचारण्याचा प्रसंग मात्र पहिलाच.

शालूला मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार आहे. डॉक्टर शार्को यांनीं पॅरिसमध्यें १८६८ सालीं त्याचें पद्धतशीर वर्णन केलें. शरीराच्या रक्षणासाठीं असलेल्या पांढऱ्या पेशीच मेंदूंत शिरून मज्जातंतूंचें वेष्टण कुरतडूं लागतात. पहारेकऱ्यांनींच घर लुटावें, तसा हा प्रकार. सव्विसाव्या वर्षीं शालूच्या उजव्या डोळ्यापुढें अंधारी आली, पुढें पाय बधिर झाले, आणि तिसऱ्या खेपेस तिला जिना चढवेना. मग दर चार आठवड्यांनीं शिरेंतून नॅटॅलिझुमॅब हें औषध देण्यास सुरुवात झाली. तें या पहारेकऱ्यांना मेंदूच्या उंबरठ्यावरच अडवितें. सव्वादोन वर्षांत तिला एकही झटका आला नाहीं. ती पुन्हां शाळेंत शिकवूं लागली.

परंतु पहाराच उठला म्हणजे चोराचें फावतें. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरांत जेसी नांवाचा एक विषाणु निपचित पडलेला असतो. (१९७१ सालीं ज्या रुग्णाच्या मेंदूपासून तो प्रथम हातीं लागला, त्याच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. असें अमरत्व कोणाच्या वांट्यास न येवो!) मेंदूंत राखण उरली नाहीं कीं तो क्वचित् तेथें माजतो आणि आंतील पांढऱ्या भागाचा नाश करीत सुटतो. या रोगास पीएमएल म्हणतात. त्यावर रामबाण उपाय नाहीं. नॅटॅलिझुमॅब थांबवून रक्तांतून गाळून काढावें, तर अडवून धरलेले पहारेकरी एकदम आंत घुसतात आणि मेंदूला सूज आणतात. रोग जडलेल्यांपैकीं सुमारें चौथाई दगावतात. वांचलेल्यांपैकीं पुष्कळ पंगु होतात.

अमेरिकेंत नोव्हेंबर २००४ मध्यें या औषधास परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २००५ मध्यें याच कारणास्तव तें मागें घ्यावें लागलें. मला नवल वाटलें तें पुढच्या हकीकतीचें. मार्च २००६ मध्यें तज्ज्ञांच्या समितीपुढें रुग्ण स्वतः उभे राहिले आणि औषध परत द्या, असें साकडें त्यांनीं घातलें. त्याच वर्षीं कडक अटींवर तें परत आलें.

शालूच्या कागदावर त्या विषाणूच्या प्रतिपिंडांचें प्रमाण बरेंच अधिक होतें. अशांपैकीं तिसऱ्या वर्षांत हजारीं तिघांना, सहाव्या वर्षांत हजारीं दहांना हा रोग होतो, असा अंदाज आहे. मी म्हणालों, "सोडून दे तें औषध!" एवढें शहाणपण सांगावयास मला क्षणही लागला नाहीं, जिना मला चढतां येतो ना!

ती शांतपणें म्हणाली, "काका, सोडलें तर जुनें दुखणें उसळून येतें. बदली गोळ्या आहेत, पण त्यांतल्या फिंगोलिमॉडनेंही क्वचित् हाच रोग झालेला आहे. चाराऐवजीं सहा आठवड्यांनीं घेतलें तर धोका कमी होतो, असें डॉक्टर म्हणतात. शिवाय थोड्या थोड्या महिन्यांनीं मेंदूचा एमआरआय." तिचा निश्चय आधींच झालेला होता, मला विचारणें हा केवळ माझ्या वयाचा मान. तो निर्णय मला आजही पटलेला नाहीं.

"तुम्ही एकच करा," ती म्हणाली. "बोलणें अडखळलें, वागणें बदललें, तर तें ज्याचें त्याला कळेलच असें नाहीं. घरच्यांनीं लक्ष ठेवायचें असतें. तिकडे हे ठेवतात. इथें तुम्ही ठेवा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा ओततांना ती "काका, ती वाटी द्या" म्हणाली आणि बोट बशीकडे केलें. माझ्या हातांतलें वर्तमानपत्र खालीं आलें. आंतून आमच्या सौभाग्यवती हंसत म्हणाल्या, "अहो, ती लहानपणापासून बशीला वाटीच म्हणते!"

मीं बशी पुढें केली. ती परत जाईपर्यंत मात्र माझें वर्तमानपत्राचें एक पान कांहीं धड वाचून झालें नाहीं.