अहो, सगळं त्या फटीत आहे!

क्लॅरिनेट तेच, रीड तीच, रीड धरून ठेवणारं लिगेचर तेच, फुंकणारा मीच. बदलला फक्त वरचा माउथपीस, आणि घरात भलतंच वाद्य वाजायला लागलं! शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "नवीन घेतलंत का हो?" मी नुसतीच मान हलवली. काय सांगणार होतो? मलाच अजून पटत नव्हतं.

झालं असं, की बँडमध्ये वाजवणाऱ्या एका मित्राने त्याचे दोन माउथपीस माझ्याकडे ठेवायला दिले. दोन्ही फ्रान्सच्या वॅनडोरेन कंपनीचे, दोन्ही काळ्या एबोनाइटचे, दिसायला सख्खे भाऊ. एक बी४५, दुसरा एम१३ लायर. टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये जी फट राहते ती बी४५ला १.१९५ मिलिमीटर आणि एम१३ लायरला १.०२. फरक किती? ०.१७५ मिलिमीटर! झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवले तर त्यांची जाडीसुद्धा याहून जास्त भरेल.

आणि एवढ्याशा फरकाने माणसाची तारांबळ उडते. बी४५ छाती भरून हवा मागतो. माझी नेहमीची रीड त्याच्यावर एकदम टणक वाटायला लागली, मऊ लावली तेव्हा कुठे मोकळा श्वास आला. पण मग मजा बघा! जबडा जरा सैल सोडला की सूर अलगद खाली उतरतो, पुन्हा आवळला की वर येतो. मींड! भोकं असलेल्या लाकडी नळीतून मींड! गायकी अंगाने वाजवणाऱ्यांना मोठी फट आणि मऊ रीड का आवडते, ते तिथल्या तिथे कळलं. एम१३ लायरचा स्वभाव उलटा. सूर जिथे ठेवाल तिथे बसतो आणि अगदी हलक्या फुंकरीलाही लगेच बोलतो, पण ओढाताण फारशी चालवून घेत नाही.

फट ही तर नुसती सुरुवात. रीड लावलेल्या माउथपीसमध्ये टोकाकडून कागदाची पातळ पट्टी सरकवून पाहा. साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत गेली की ती अडते. रीड ज्या सपाट भागावर टेकलेली असते तो तिथे संपतो आणि टोकाकडे जाणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी वक्र कड सुरू होते. हेच फेसिंग. वाजताना रीड या कडेवर लोळत जाते, परत उठते. ४४० कंपनांचा सूर धरला की सेकंदाला ४४० वेळा! जोरात फुंकलं तर प्रत्येक वेळी फट पूर्ण मिटते आणि आवाजाला धार येते. हळू वाजवताना रीड टोकाला टेकतही नाही, म्हणून तोच सूर मऊ लागतो. हे वाचल्यावर मी अर्धा तास एकच सूर लहानमोठा करत बसलो होतो. घरच्यांची क्षमा मागतो.

आता आत डोकावा. रीडच्या समोरचा उतार म्हणजे बॅफल. तो रीडच्या जवळ असला की आवाज चमकदार, थोडा तिखट. खोल असला की गोल आणि गडद. त्यामागची पोकळी, म्हणजे चेंबर, सुरेलपणाही ठरवते. क्लॅरिनेट वरच्या सप्तकात उडी मारतं तेव्हा आठ नव्हे, बारा स्वर वर जातं. ती उडी बरोबर पडेल की बेसूर, यात या पोकळीच्या आकारमानाचा मोठा हात. वॅनडोरेन काही मॉडेल दोन प्रकारांत काढते, एक ४४२ कंपनांच्या सुराला जुळणारा आणि दुसरा, '१३ सिरीज'चा, ४४०चा. हार्मोनियमबरोबर वाजवणाऱ्याने हे विचारूनच घ्यावं.

जर्मन वादकांची तर वेगळीच तऱ्हा. फट अरुंद, फेसिंग लांब, आणि रीड आजही दोऱ्याने गुंडाळून बांधणारे आहेत! क्लॅरिनेटच्या सुरुवातीच्या काळात तर कित्येक वादक माउथपीस उलटा धरून, रीड वरच्या ओठाला लावून वाजवत.

माझं मत विचाराल तर नवं क्लॅरिनेट घेण्याआधी दुकानात आपलंच वाद्य आणि आपल्याच रीड घेऊन जा आणि निदान दोन-तीन माउथपीस लावून बघा. ओली रीड बसवा, माउथपीसचं खालचं भोक तळहाताने बंद करा, हवा ओढून तोंड काढा. रीड क्षणभर चिकटून राहून 'टप्प' करून सुटली, तर दोन्ही कडा सारख्या आहेत आणि रीड नीट बसली आहे. लगेच सुटली तर आधी रीड बदलून बघा, तरीही तसंच झालं तर तो माउथपीस परत ठेवा. आणि घरी आणल्यावर गरम पाण्याने धुऊ नका. एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं आणि त्याला गंधकाचा वास येतो.