सत्तेचाळिसावा दिवस

लहानपणी मला ईस्टर नको असायचा. नाताळ हवा असायचा, वाढदिवस हवा असायचा. पण ईस्टरची रात्र जवळ आली की पोटात गोळा यायचा. कारण त्या रात्री पप्पांचा उपवासकाळ संपायचा.

आम्ही वसईचे कॅथलिक. आमचा उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याच्या आठवणीचा हा काळ. कॅलेंडरवर मोजलात तर दिवस ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नसतो. या काळात कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी मालिका. आमच्या गावातले बरेच पुरुष दारू सोडतात. पप्पाही सोडायचे.

ते ४६ दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस असायचे. पप्पा कामावरून थेट घरी यायचे. मला गणितं घालायचे. शुक्रवारी आमच्यासोबत क्रूसाच्या वाटेला यायचे आणि चौदाही स्थानांवर गुडघे टेकायचे. त्यांचे काही मित्र रविवारी 'आजचा दिवस धरत नाहीत' म्हणून बसायचे. पप्पांनाही तो नियम ठाऊक होता. त्यांनी ती सवलत एकदाही घेतली नाही.

रोजच्या क्वार्टरचे पैसे ते स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्यात टाकायचे. पवित्र आठवड्यात आई तो डबा जसाच्या तसा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या लोकांकडे, गरिबांसाठी द्यायची. मी नववीत असताना माझी क्लासची फी थकली होती. मी चिडून म्हटलं, "आपल्यालाच नाहीयेत आणि तू वाटत काय सुटलीयेस?" आई म्हणाली, "ते आपले नाहीत. पप्पांनी ते देवाला दिलेत." मला वाटलं, देवाला दिले ते ठीक, पण मग देवाने पप्पांना ईस्टरला परत का पाठवावं?

शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटायचा, पास्काची मोठी मेणबत्ती आत यायची, घंटा वाजायच्या. लोक एकमेकांना आनंदाने मिठ्या मारायचे. घरी फुगे तळलेले असायचे, मटण शिजलेलं असायचं. आणि पप्पा बाटली उघडायचे. पहिल्या ग्लासापर्यंत ते हसत असायचे. पुढचं लिहीत नाही.

अनेक वर्षं माझा एकच प्रश्न होता : जो माणूस ४६ दिवस राहू शकतो, तो सत्तेचाळिसाव्या दिवशी का राहू शकत नाही? मला वाटायचं, त्यांना देवासाठी जमतं, आमच्यासाठी जमत नाही.

पप्पा २०१९मध्ये गेले. यकृत निकामी झालं होतं. हॉस्पिटलच्या त्या दिवसांत मी बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचत राहायचे, आणि तिथेच मला एक जुनी गोष्ट नव्याने कळली. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात पप्पांचे हात थरथरायचे. रात्री घामाने बनियन भिजायचं. आई म्हणायची, हवा बदलतेय, ताप असेल. तो ताप नव्हता. शरीराला दारूची सवय लागलेल्या माणसाने ती एकदम तोडली की असं होतं. कधी झटके येतात, जीवही जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची असते. पप्पा दरवर्षी ते एकटेच सोसत होते आणि आम्ही त्याला त्याग म्हणत होतो.

त्याग तो होताच. पण त्यागात आपल्या मालकीची गोष्ट सोडायची असते, आणि दारू पप्पांच्या मालकीची उरली नव्हती, पप्पाच तिच्या मालकीचे झाले होते. दरवर्षी ४६ दिवस त्या घराचं दार किलकिलं व्हायचं. तेव्हा कुणीतरी आत हात घालायला हवा होता. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका कितीतरी ठिकाणी चर्चच्याच हॉलमध्ये भरतात. तिथे ४६ दिवस मोजत नाहीत, फक्त आजचा दिवस मोजतात. आम्ही मात्र पप्पांचं कौतुक केलं, फुगे तळले आणि दार बंद होऊ दिलं.

२०२४मध्ये भस्म बुधवार नेमका १४ फेब्रुवारीला आला. पुण्यात आमच्या ऑफिसात लाल फुगे लावले होते आणि मी सकाळच्या मिस्सेहून कपाळावर राख घेऊन गेले. शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुमच्यातही उपवास असतो? साबुदाणा चालतो?" मी सांगितलं, "काय खायचं यापेक्षा किती खायचं ते महत्त्वाचं. आज एकदाच पोटभर, बाकी दोनदा थोडंसं. मांस नाही, मासे चालतात." ती म्हणाली, "पापलेट खाऊन उपवास? मज्जाय." आम्ही दोघी हसलो.

त्या वर्षी मी इन्स्टाग्राम सोडलं. पहिल्याच रविवारी ॲप परत घेतलं, कारण रविवार धरत नाहीत. नियमातली पळवाट बरोबर सापडली. सोमवारी काढलं, गुरुवारी पुन्हा घेतलं. दहाव्या दिवशी मी सोडून दिलं. फोनच्या एका ॲपसाठी माझी ही गत. त्या रात्री मला पप्पांची थरथरणारी बोटं आठवली, माझ्या वहीवर पेन्सिलीने त्रिकोण काढताना. माझा राग संपला असं नाही. पण जमत नव्हतं आणि करायचं नव्हतं, यांत फरक आहे एवढं कळलं.

माझा एक मामेभाऊ गेली काही वर्षं उपवासकाळात दारू सोडतो. व्हॉट्सॲपवर सगळे त्याला शाबासकी देतात. मी त्या वर्षी ईस्टरच्या दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्याला फोन केला.

"हॅपी ईस्टर, ताई," तो म्हणाला.

"हॅपी ईस्टर. आज कसा आहेस?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अजून घेतली नाहीये. पण संध्याकाळी सगळे जमणार आहेत."

मी म्हटलं, "संध्याकाळी पुन्हा करते."