पायाला कळणारा आवाज

ड्रमसेटमधलं सगळ्यात मोठं वाद्य वाजवणाऱ्यालाच सगळ्यात वाईट ऐकू येतं. स्नेअर, हायहॅट, सिंबल्स कानाजवळ असतात. बेस ड्रम मात्र पायापाशी आडवा पडलेला असतो, तोंड श्रोत्यांकडे करून. समोर दहा फुटांवर उभ्या माणसाला जो आवाज येतो, तो स्टुलावर बसून मला येत नाही. माझ्यापर्यंत पोचतो तो पायातून. पेडल खाली गेलं, बीटर पानावर आदळला आणि परत येताना तळव्याला किती उचललं, एवढंच मला नीट कळतं.

(कॉलेजात असताना ढोलपथकात होते. त्यामुळे ड्रमच्या हेडला मी अजून पानच म्हणते. सवय.)

आठवड्याचे पाच दिवस मी कोड लिहिते. शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एका तळघरात आमच्या बँडला दोन तास मिळतात. ड्रमसेट त्या जागेचा. आमच्या आधीच्या स्लॉटला जो वाजवतो त्याचे पाय लांब आणि पेडलची स्प्रिंग घट्ट. मी येते तेव्हा स्टूल उंच, बीटर लांब आणि ड्रमच्या पोटात कोंबलेली भलीमोठी उशी. बरीच वर्षं हे असंच चालत होतं. बेस ड्रम आहे तसा घ्यायचा आणि वाजवायचं, कारण दोन तासांतली वीस मिनिटं नट पिळण्यात घालवलेली कोणालाच परवडत नाहीत.

मग आमच्या गिटारवाल्याला जर्मनीत नोकरी लागली. व्हिसा आला आणि हातात सहा शनिवार उरले. आमची स्वतःची तीन गाणी आहेत, एकही धड रेकॉर्ड केलेलं नाही. तो गेल्यावर 'ऑनलाइन करू काहीतरी' असं सगळे म्हणत होते, आणि त्याचा अर्थ काय हेही सगळ्यांना माहीत होतं. मी सांगितलं की पहिल्या शनिवारचा पहिला तास ड्रमचा. बेसवाला म्हणाला, "घे बाई, पण मग सहाव्या शनिवारी कुरकुर नको."

बेस ड्रमची मुख्य अडचण अशी आहे की कानाला आणि पायाला वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. कानाला खोल, खालचा आवाज हवा, म्हणजे पान सैल हवं. पायाला उसळी हवी, म्हणजे पान ताणलेलं हवं. पान फार सैल असलं की बीटर गादीत बुडाल्यासारखा आत जातो आणि लागोपाठचे दोन ठोके मारायचे तर दुसऱ्यासाठी पायाला सगळी मेहनत स्वतः करावी लागते. दिलासा एवढाच की आवाजाची पट्टी ताणाच्या वर्गमुळाने वाढते. एक सप्तक वर जायला ताण चौपट लागतो. म्हणजे पान थोडं आवळलं तर पायाला फरक लगेच जाणवतो, पण आवाज फार वर पळत नाही. सगळी ॲडजस्टमेंट या सवलतीवर चालते.

सुरुवात शून्यापासून केली. पेडलच्या बाजूचे सगळे रॉड सैल केले, पान मधे बसवलं, मग प्रत्येक रॉड बोटांनी जेवढा फिरेल तेवढाच घट्ट केला. नंतर चाकाचे नट लावतात तसं समोरासमोर जायचं. एक इकडचा, एक बरोबर समोरचा, दर वेळी पाव फेरा. आधी पानावर सुरकुत्या दिसतात. त्या नुकत्याच गेल्या की तिथे ड्रमचा सगळ्यात खालचा आवाज मिळतो. आमच्या 22 इंची ड्रमला त्यापुढे प्रत्येक रॉडवर अर्धा फेरा दिला, तेव्हा पायाखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटलं. समोरचं पान त्याहून जरासं घट्ट ठेवलं, म्हणजे ठोक्याला शेपूट येते.

मग उशी बाहेर काढली. उघडा ड्रम पहिल्यांदा वाजवला की दचकायला होतं, कारण तो 'धप्' न म्हणता 'बॉंऽग' म्हणतो. याचं कारण पानाच्या स्वभावात आहे. साध्या गोल पानाची वरची कंपनं मूळ कंपनाच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी वेडीवाकडी येतात. तारेसारखी दुप्पट, तिप्पट अशी सरळ येत नाहीत. म्हणून कानाला सूर न लागता गोंधळ ऐकू येतो. आपल्याकडे तबल्याने हा प्रश्न शाई लावून सोडवला. मधे वजन दिल्यामुळे ती कंपनं जवळजवळ सुरेल पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. बेस ड्रमवाल्यांनी सोपा उपाय केला. गोंधळ सुरेल करण्याऐवजी ते तो दाबतात. कोणी उशी घालतं, कोणी घोंगडी. 1966मध्ये बीटल्सच्या रेकॉर्डिंगला साउंड इंजिनियर जेफ एमरिकने रिंगो स्टारच्या ड्रममध्ये चक्क चार गळ्यांचा लोकरी स्वेटर कोंबला होता. उलट लेड झेपलिनचा जॉन बॉनम 26 इंची ड्रम बराच ताणून, पोट जवळपास मोकळं ठेवून वाजवायचा. दोघांचेही आवाज लोक अजून शोधत फिरतात. म्हणजे 'बरोबर' आवाज असा काही नसतोच, गाण्याला कोणता हवा ते बघायचं.

आमची गाणी संथ आहेत. उशीऐवजी मी एक जुना टॉवेल घडी करून तळाशी ठेवला, दोन्ही पानांना जेमतेम टेकेल असा. समोरच्या पानाला आधीच पाच इंची भोक होतं. त्यातून हवा बाहेर जाते, ठोका कोरडा होतो आणि आतल्या हवेची उसळीही थोडी कमी होते. ती कमी झालेली उसळी पेडलने भरून काढायची.

पेडलचं गणित पूर्णपणे स्वतःच्या पायाचं असतं. स्प्रिंग घट्ट केली की बीटर झटकन परत येतो, पण दर ठोक्याला नडगीतून किंमत मोजावी लागते. दिवसभर खुर्चीत बसलेल्या पायाला ती तासाभरात कळते. माझं माप असं: टाच टेकवून पाय पेडलवर नुसता ठेवला, जोर न लावता, की बीटर साधारण निम्म्यावर यावा. म्हणजे स्प्रिंग माझ्या पायाचं वजन तोलते, माझ्याशी भांडत नाही. मग बीटरचा कोन. तो पानापासून लांब ठेवला तर जोर मिळतो, जवळ ठेवला तर वेग. मी थोडा जवळ घेतला. फेल्टच्या बीटरचा ठोका पानाच्या मध्याच्या किंचित वर पडू दिला. शेवटी ड्रमचे पुढचे पाय लावून पुढची कड जमिनीपासून बोटभर उचलली, आणि पेडल सपाट बसलंय ना ते वाकून पाहिलं. पेडल तिरकं बसलं की बाकीची सगळी मेहनत फुकट.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मी ऑफिसात शिकले, पण पटलं इथे.

तपासायला मात्र दुसऱ्याचे कान लागतात. मी वाजवायचं, गिटारवाल्याने समोर उभं राहून सांगायचं, मग तो वाजवणार आणि मी समोर. त्याला ड्रम येत नाही. तो पेडलवर पाय आपटत होता आणि मी ऐकत होते. इतक्या वर्षांत माझा बेस ड्रम समोरून मी पहिल्यांदाच नीट ऐकला. फोनवरचं रेकॉर्डिंग फारसं कामाचं नव्हतं. 50-60 हर्ट्झचा खर्ज फोनच्या इवल्याशा स्पीकरातून येतच नाही, फक्त बीटरची 'टक' येते. तुम्हीही फोनवर गाणी ऐकत असाल तर बेस ड्रम बहुतेक टकटकीवरूनच ओळखत असाल. एकदा चांगले हेडफोन लावून बघा.

सहाव्या शनिवारी तिन्ही गाणी झाली. ड्रम आधी लावायला पंधरा मिनिटं लागली, कारण सगळी मापं फोनमध्ये लिहिली होती. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एकटा बेस ड्रम आहे, एकच ठोका. बीटर पानावर दाबून ठेवला की आवाज तिथेच मरतो, मी इतर ठिकाणी तसंच करते. इथे पाय उचलला. स्प्रिंगने बीटर मागे घेतला आणि ड्रम मोकळा घुमत राहिला. गिटारवाला तारांवर हात ठेवून, न हलता, तो पूर्ण विरेपर्यंत थांबला. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर त्याच्या खुर्चीची करकर ऐकू येते. ती आम्ही कापली नाही.