'कर्क' आणि 'म्या' : एका शब्दाने मला शिकवलेला धडा



आज जरा लांबच्या देशातली गोष्ट सांगणार आहे, पण सुरुवात माझ्या वर्गातूनच करते.

तिसरीतला एक मुलगा वही घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, म्या चित्र काढलं." मी सवयीने म्हटलं, "म्या नाही, मी म्हण. शुद्ध बोल." त्याने मान डोलावली. मीही विसरून गेले. महिन्याभराने पालकसभेत त्याची आई हसत हसत म्हणाली, "बाई, आता तो आजीलाच म्हणतो, तू अडाणी बोलतीस." आई हसली, पण मला काही हसू आलं नाही. त्या आजीच्या मांडीवरच तो बोलायला शिकला होता ना!

त्याच सुमारास मुंबईच्या विल्सन कॉलेजविषयी वाचत होते. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. तिचंच पुढे कॉलेज झालं. वाचता वाचता एक शब्द सारखा समोर येऊ लागला : कर्क. नाही, राशीतला खेकडा नाही! स्कॉट भाषेत कर्क म्हणजे चर्च.

आधी वाटलं, 'चर्च'चाच हा गावठी उच्चार असेल. शोधलं तर उलटंच निघालं. मूळ शब्द ग्रीक, 'कुरिआकोन', म्हणजे 'प्रभूचे'. त्यात 'क' आहे, 'च' नाही. हा शब्द उत्तर युरोपातल्या भाषांमध्ये पसरला. इंग्लंडच्या दक्षिणेकडे बोलता बोलता 'क'चा 'च' झाला आणि 'चर्च' तयार झाला. उत्तरेत समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांची वस्ती होती. ते 'किर्क्या' म्हणत, त्यामुळे तिकडे 'क' टिकला. म्हणजे ज्याला बिघडलेला शब्द समजावं, तोच मुळाच्या जास्त जवळचा!

आणि हा काही एकटा शब्द नाही. इंग्रजीत भूर्जाच्या झाडाला बर्च म्हणतात, स्कॉटमध्ये बर्क. पेटीला इंग्रजीत चेस्ट, स्कॉटमध्ये किस्ट. याला चूक कसं म्हणायचं? दोन बहिणींच्या दोन वाटा आहेत त्या.

मग 'चर्च' मोठा आणि 'कर्क' घरगुती कसा झाला? १५६० मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने पोपची सत्ता नाकारली. जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या धर्मव्यवस्थेचा आराखडा लिहिला. त्यात प्रत्येक कर्कसाठी एक शाळामास्तर असावा असं मांडलं होतं. (आपल्यासाठी ही ओळ महत्त्वाची!) पैशाअभावी ते लगेच जमलं नाही, पण १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा आणि मास्तरांचा पगार ही जमीनदारांची जबाबदारी ठरली.

पण वाचायला पुस्तक कोणतं? १५७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदा संपूर्ण बायबल छापलं गेलं, तेही इंग्रजीत. त्या पानांवर 'चर्च' होतं आणि ते वाचणाऱ्यांच्या तोंडी 'कर्क'. छापलेलं ते शुद्ध, तोंडातलं ते गावठी, असं हळूहळू मनात बसत गेलं. संस्थेचं अधिकृत इंग्रजी नावही 'चर्च ऑफ स्कॉटलंड' आहे. तरीही लोक आजही तिला 'द कर्क' म्हणतात. शब्द मेला नाही, कारण घराघरांत तो बोलला जात राहिला.

गावांच्या नावांतही तो आहे. फॉल्कर्क म्हणजे ठिपकेदार कर्क, ऑर्क्नी बेटांवरचं कर्कवॉल म्हणजे कर्कजवळची खाडी. मात्र सावध! कर्कॉडी या गावाचा कर्कशी संबंध नाही. तिथला पहिला भाग 'किल्ला' या अर्थाच्या दुसऱ्याच जुन्या शब्दातून आला आहे. आपल्या पुण्याजवळच्या खडकीला इंग्रज 'किर्की' लिहायचे, म्हणून ती काही चर्चची होत नाही, ती खडकाचीच. आवाज सारखा म्हणून मूळ एक, असं मुलांना कधीच सांगू नका.

आता परत 'म्या'कडे येते. जुन्या मराठीत 'म्यां' हे रूप होतं, संतांच्या लेखनातही ते भेटतं. अर्थ 'माझ्याकडून'. 'म्यां काढलं' म्हणजे 'माझ्याकडून काढलं गेलं'. म्हणजे त्या आजीच्या तोंडी चूक नव्हती, शेकडो वर्षांची मराठी होती. डीएडला मी व्याकरण शिकले होते, पण लाल पेन उचलताना हे आठवलं नाही.

प्रमाण मराठी शिकवू नये, असं मी अजिबात म्हणत नाही. परीक्षा, अर्ज, पुस्तकं सगळं त्याच भाषेत आहे, ती मुलांना यायलाच हवी. फक्त 'चूक' ऐवजी आता मी 'घरात म्या, वहीत मी' असं म्हणते.

तुम्हीही एक करून पाहा. फळ्यावर दोन रकाने आखा : 'आजीचा शब्द' आणि 'पुस्तकातला शब्द'. मुलांना घरून पाच-पाच शब्द आणायला सांगा. दोन्ही रकाने सारख्याच रंगाच्या खडूने भरा.

आमच्या वर्गात पहिला शब्द त्याच मुलाने आणला. आजीला विचारून आला होता. मी फळ्यावर लिहिला, तेव्हा तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "ह्यो माझ्या आजीचा हाय."

मी 'ह्यो' दुरुस्त केला नाही.