बगीचा फुटला, तोंड गोड करा

मी साताऱ्याकडचा. लागण, खोडवा, तोड असली उसाची भाषा लहानपणापासून कानावर पडलेली. त्यामुळे काटोलला बँकेच्या पीककर्जाच्या टेबलावर बसलो तेव्हा शेतकऱ्याचं बोलणं समजायला अडचण येईल असं वाटलंच नव्हतं. पण या संत्र्याच्या मुलखात माणसं खुर्चीत टेकून, हसत हसत भलतंच काही सांगायची.

एक काका म्हणाले, "साहेब, बगीचा विकून टाकला जी."

बगीचा आमच्याकडे तारण! मी फाइल उघडून सातबारा पाहिला. बोजा जागच्या जागी होता. शेवटी आमच्या रोखपालांनी उलगडा केला. झाडावरचा माल व्यापाऱ्याला दिला, आता तोडणी त्याची, गाडी त्याची. जमीन नि झाडं काकांचीच. म्हणजे उलट आमचा हप्ता येणार होता.

डिसेंबरात दुसरे एक जण म्हणाले, "ताण देऊन राहिलो." कुणाला, हे विचारायची हिंमत होईना. मग त्यांनीच बागेत नेलं. विहिरीत पाणी असून पाट कोरडे होते. जमीन भेगाळलेली, पानं मलूल, काही गळून खाली पडलेली. आमच्याकडे उसाला पाणी चुकलं तर घरात भांडणं होतात, आणि इथं हा माणूस मुद्दाम झाडं उपाशी ठेवून निवांत! महिनाभरानं त्यांनी 'ताण तोडला', म्हणजे खत घालून पाणी सोडलं. पुढं थोड्याच दिवसांत फोन आला, "साहेब, बगीचा फुटला!" आवाजात एवढा आनंद, की मी न कळताच अभिनंदन केलं. जाऊन पाहिलं तर फांदीफांदीवर पांढऱ्या कळ्या, आणि वास बांधापर्यंत. हा आंबिया बहार, आंब्याच्या मोहोराच्या वेळी येणारा. पावसाळ्याच्या तोंडी फुलतो तो मृग.

बाकीचं हळूहळू अंगवळणी पडलं. 'सल काढायचं राहिलं' म्हणजे मनातलं दुःख नव्हे, झाडावरच्या वाळक्या फांद्या. 'जंबेरीवर डोळा बांधला' म्हणजे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचं कलम केलं. कुणी 'काय करून राहिले जी?' असं विचारलं तर ती चौकशी, मुक्कामाचा प्रश्न नाही.

मात्र एक शब्द या सगळ्यांत गरीब वाटतो, तो म्हणजे 'गळ'. "यंदा गळ हाय जी," एवढंच. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की लिंबाएवढी झालेली हिरवी फळं देठापासून सुटतात आणि झाडाखाली त्यांचा सडा पडतो. त्या वर्षी व्यापारी फिरकत नाही, बगीचा विकला जात नाही, हप्ताही येत नाही.

काटोल-नरखेडकडं बदली होणाऱ्यांना एवढंच सांगेन: कुणाचा बगीचा विकला, फुटला, ताणावर गेला तर घाबरू नका. गळ ऐकू आली की मात्र वसुलीची नोटीस बाजूला ठेवा आणि आधी बागेत जाऊन या.