पोकळीवर चालणारी कुलपे : मर्सिडीज डब्ल्यू १२३ आणि एका अदृश्य गळतीचा शोध

१/९
सतराव्या शतकाच्या मध्यास मागदेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा पंपाने उपसली. दोन्ही बाजूंस आठ-आठ घोडे जुंपले, तरी ते सहजी विलग होईनात. पोकळी काहीच ओढत नाही, बाहेरची हवा दाबते, हे सत्य त्या प्रयोगाने सर्वांसमोर उभे केले.

२/९
सुमारे सव्वातीनशे वर्षांनी जर्मन अभियंत्यांनी याच दाबावर मोटारीची कुलपे सोपवली. १९७६ साली आलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ च्या अनेक गाड्यांत चालकाच्या दारात किल्ली फिरवली की उरलेली दारे, डिकी आणि इंधनाचे झाकण एकदम बंद होई. १९८६ पर्यंत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या.

३/९
रचना साधी होती. चालकाच्या दारातील झडप दोन नळ्यांपैकी एकीत पोकळी सोडी: एक नळी लावण्याची, दुसरी उघडण्याची. प्रत्येक कुलपाशी एका डबीत रबरी पडदा असे; ज्या बाजूची हवा उपसली जाई, त्या बाजूस तो सरके आणि दांडी हलवी.

४/९
पेट्रोल इंजिनास ही पोकळी आपल्या श्वासातूनच मिळे. डिझेल इंजिनाची हवा थ्रॉटलने अडवली जात नसल्याने तेथे स्वतंत्र पंप बसवावा लागला. इंजिन थांबल्यावरही कुलपे चालावीत म्हणून एक टाकी आणि तिच्या वाटेवर एकमार्गी झडप असे.

५/९
खरी अडचण पुढेच होती. डिझेल गाडीत इंजिन बंद करणारी यंत्रणाही याच पोकळीवर चाले. त्यामुळे मागच्या दारातील रबर चिरले, तर किल्ली काढूनही इंजिन धडधडत राही आणि बोनट उघडून हाताने ते थांबवावे लागे. स्वयंचलित गिअरही झटके देऊ लागत. दुखणे दारात आणि कण्हणे इंजिनाचे, असा हा प्रकार.

६/९
तेल गळले तर डाग पडतो, पाणी गळले तर ओल येते. येथे बाहेर काहीच पडत नाही. उलट हवा आत शिरते. म्हणून संथ गळतीचा एकच साक्षीदार उरतो : काळ. इंजिन थांबताच कुलपे चोख चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निपचित पडतात, तेव्हा टाकी रात्रभर हळूहळू भरत गेली, असे समजावे.

७/९
पहिली कसोटी : कुलपांकडे जाणारी नळी इंजिनापाशी सोडवून तिचे इंजिनाकडील तोंड बुजवावे. इंजिन आता किल्लीने तत्काळ थांबले, तर दोष कुलपांच्या बाजूस. मग मापक असलेला हातपंप टाकीच्या बाजूस लावून काट्यावर नजर ठेवावी. कुलपे चालतात, पण काटा तेथे स्थिर राहतो आणि टाकी तरीही रिती होते, तर एकमार्गी झडप संशयित ठरते.

८/९
काटा केवळ कुलपे लावलेली असताना घसरला, तर लावण्याची बाजू गळते. उघडी असताना घसरला, तर दुसरी. त्यानंतर सतरंजीखालील जोडापाशी एकेक फांदी वेगळी करून तपासावी. डिकी आणि इंधनाचे झाकण बहुधा विसरले जाते. वयाने कडक झालेली रबरी जोडणी आणि चालकाच्या दारातील झडपही वगळू नये. दाराचे आतील आवरण सर्वांत शेवटी काढावे, कारण जुन्या खुंट्या सहज तुटतात.

९/९
पुढील मालिकांत विजेचा पंप आला. १९९५ साली पुण्यात जिची जुळणी सुरू झाली, ती डब्ल्यू १२४ त्याच घराण्यातली. आज अनेक मालक कंटाळून मूळ नळीच कायमची बुजवतात. गाडी चालते, कुलपे मात्र मुकी होतात. एका पडद्याची किंमत मोजून आणि एक दुपार काट्याकडे पाहून तो वारसा टिकवता येतो. संग्रहालयात गाडीचा सांगाडा उरेल. ती कशी चालत असे, हे दुरुस्ती करणाऱ्या हातांतच उरते.